काळ्या मोटारीची झळाळी व तिची राखण

मोटार घेतांना काळा रंग पसंत करणारा मनुष्य बहुधा तिच्या पहिल्या दिवसाच्या रूपास भुललेला असतो. दुकानांतील दिव्यांखालीं ती गाडी विहिरीच्या निवांत पाण्यासारखी दिसते. पाहणाराचा चेहरा, छताची कड, समोरची खिडकी, सर्व कांहीं तिच्यावर स्पष्ट उमटतें. वर्षभरानें तीच गाडी उन्हांत उभी असतां तिच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा चमकूं लागतात, आणि मालक म्हणतो कीं, रंगच हलका होता. बहुतेक वेळां रंगाकडे कांहीं दोष नसतो. जें बिघडलें तें रोज सकाळीं फडक्यानें थोडें थोडें बिघडविलेलें असतें. हें कसें घडतें तें पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमांवरून समजण्यासारखें आहे, व तें एकदां समजलें म्हणजे गाडी कशी धुवावी हें निराळें पाठ करावें लागत नाहीं.

प्रकाश एकाद्या गुळगुळीत व पारदर्शक थरावर सरळ पडला कीं त्याचा सुमारें शेंकडा ४ इतकाच अंश पृष्ठभागावरून आरशाप्रमाणें परत फिरतो. बाकीचा आंत शिरतो. पांढऱ्या गाडींत हा आंत शिरलेला प्रकाश रंगाच्या कणांवर आपटून चोहोंकडे विखुरतो व त्यांतला बहुतेक पुन्हां बाहेर येतो. काळा रंग तो गिळून टाकतो. म्हणून काळ्या गाडीकडून आपल्या डोळ्यांस जो उजेड येतो तो जवळजवळ सर्व त्या शेंकडा ४ मधला असतो. पृष्ठभाग निर्दोष असेल तर एवढ्याशा उजेडांतूनहि लख्ख प्रतिबिंब उमटतें, कारण त्यास फिकें पाडणारा दुसरा उजेड मागें नसतो. परंतु त्याच कारणानें एक ओरखडा पडला किंवा धुळीचा एक कण बसला, तर त्यानें विखुरलेला प्रकाश काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. फळ्यावरील खडूची रेघ आणि चुन्याच्या भिंतीवरील खडूची रेघ ह्यांत जो फरक तोच येथें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी जवळून पाहावी. छप्पर पिवळें, अंग काळें; दोहोंवरून फडकें एकच फिरतें, पण रेघा दिसतात त्या दरवाजांवर.

त्या रेघा सूर्याभोंवतीं वर्तुळाकार दिसतात, त्यावरून पुसणारानें हात गोल गोल फिरविला असावा असें लोक समजतात. वास्तविक ओरखडे सर्व दिशांनीं पडलेले असतात. सूर्याच्या प्रतिबिंबास वळसा घालणाऱ्या दिशेचे जे असतात तेवढेच प्रकाश आपल्याकडे वळवितात. बाकीचे त्या क्षणीं अदृश्य राहतात. आपण दोन पावलें बाजूस सरकलों कीं वर्तुळहि आपल्याबरोबर सरकतें. घरांतील वापरलेल्या स्टीलच्या ताटावर दिव्याखालीं हा प्रयोग कोणासहि करून पाहतां येईल.

आतां हा पृष्ठभाग आहे तरी कसला? अमेरिकेंतील फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही गाडी १९०८ सालीं निघाली, व १९१४ पासून १९२५ पर्यंत ती केवळ काळ्या रंगांतच मिळत असे. तो रंग स्वस्त व टिकाऊ असून त्यांत अस्फाल्टाचा, म्हणजे डांबराच्या जातीच्या द्रव्याचा, अंश असे. पुढें १९२३ च्या सुमारास ‘ड्यूको’ नांवाचा, सेल्युलोजपासून केलेला व झटपट वाळणारा रंग ओकलंड गाडीवर आला आणि रंगीबेरंगी मोटारींचा काळ सुरू झाला. त्या जुन्या लेपांत वरचा थर हाच रंगाचा थर असे. उन्हानें तो निस्तेज होई. मग पॉलिश घांसून मेलेला थर काढावा, खालीं ताजा रंग मिळे, आणि फडकें काळें होई. ‘घांसल्याशिवाय चकाकी नाहीं’ असें वडीलधारीं माणसें सांगत तें त्या रंगापुरतें अगदीं खरें होतें. आजच्या बहुतेक गाड्यांवर मात्र काळ्या रंगावर एक पारदर्शक लेप असतो. त्यास कारखानदार ‘क्लिअर कोट’ म्हणतात. झळाळी ह्या लेपाची. काळा थर त्याच्या खालीं झांकलेला असतो. ह्या लेपाची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारें विसावा भाग. वर्तमानपत्राचा कागदहि ह्याहून जाड असतो. सूर्याच्या जंबुपार किरणांपासून रंगाचें रक्षण करणारीं द्रव्यें ह्याच लेपांत घातलेलीं असतात. तो झिजला तर पुन्हां वाढत नाहीं. आपली गाडी जुन्या पद्धतीची कीं नव्या, अशी शंका असेल तर पांढऱ्या फडक्यावर थोडें पॉलिश घेऊन कोपऱ्यांत घांसून पाहावें. फडकें काळें झालें तर वर पारदर्शक लेप नाहीं.

रस्त्यावरील धुळींत वाळूचे कण असतात. खनिजांच्या काठिण्याच्या मापांत गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, अंक ७ आहे व चाकूच्या पोलादाचा सुमारें साडेपांच. जी वस्तु चाकूवर ओरखडा काढूं शकते ती ह्या कोंवळ्या लेपाचें काय करील हें सांगावयास नको. धूळ नुसती बसून राहिली तर बिचारी कांहीं करीत नाहीं. आपण कोरडें फडकें किंवा पिसांचें झटकण फिरवितों तेव्हां तिच्या हातीं हत्यार देतों. धूळ बसलेल्या गाडीवर कापडी झूल घालणें हेंहि तितकेंच वाईट, कारण वारा ती झूल दिवसभर घांसत राहतो.

तेव्हां धुण्याचें सार एवढेंच कीं, हात लागण्यापूर्वीं वाळू निघून गेली पाहिजे. गाडी सावलींत व थंड असावी. प्रथम भरपूर पाणी वरून खालीं सोडावें आणि कांहीं मिनिटें माती भिजूं द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या: एकींत मोटारीचा शांपू मिसळलेलें पाणी, दुसरींत नुसतें पाणी. मऊ हातमोजा किंवा मायक्रोफायबरचें फडकें शांपूंत बुडवून छपरापासून आरंभ करावा. एक भाग झाला कीं तें दुसऱ्या बादलींत खळबळून पिळावें व नंतरच पुन्हां शांपूंत घालावें. काम संपल्यावर दुसऱ्या बादलीच्या तळाशीं जो गाळ दिसेल तो एरव्हीं दरवाजावरून फिरला असता. हात सरळ रेषेंत व दाब न देतां चालवावा. चाकें व खालच्या कडा शेवटीं, आणि त्यांचें फडकें वेगळें. जमिनीवर पडलेलें फडकें त्या दिवशीं पुन्हां गाडीस लावूं नये, मग तें कितीहि झटकलेलें असो. कपडे धुण्याचा साबण आमच्याकडील जड पाण्यांत साका धरतो, आणि भांड्यांचा साबण मेणाचा लेप उतरवून टाकतो, दोन्ही टाळावे. रॉकेलाचा हात फिरवून गाडी चमकविण्याची चाल अजून कोठें कोठें दिसते. ती चमक तेलाची असते, व संध्याकाळपर्यंत तिच्यावर दुप्पट धूळ चिकटते.

दख्खनच्या पठारावर विंधणविहिरीचें पाणी वापरणारांस आणखी एक त्रास असतो. त्या पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. थेंब जागच्या जागीं सुकला कीं क्षाराचें पांढरें कडें मागें राहतें, आणि काळ्या रंगावर तें मैलभरून दिसावें इतकें उठतें. म्हणून धुतलेली गाडी उन्हांत सुकत ठेवूं नये, मऊ पंचा टिपकागदाप्रमाणें ठेवून टिपून घ्यावी. पावसाचें पाणी धरून ठेवण्याची सोय असल्यास शेवटचा हात त्याचा द्यावा. त्यांत हे क्षार जवळजवळ नसतात. ताजीं कडीं पांढऱ्या सिरक्यांत दुप्पट पाणी घालून मिनिटभर लाविल्यास सुटतात. मागाहून स्वच्छ पाण्यानें धुणें अवश्य आहे.

पक्ष्यांची विष्ठा मात्र दुसऱ्या दिवसावर ठेवूं नये. तींत यूरिक अम्ल असतें. शिवाय काळें पत्रें उन्हानें फार तापतें, लेप मऊ होतो, आणि निवतांना त्या वाळल्या ढेकळाच्या खडबडीत आकारावरच घट्ट होतो. ओलें फडकें पांच मिनिटें वर ठेवून मग अलगद उचलावें.

मेण व पॉलिश ह्यांचा घोटाळा सर्वत्र आहे. ब्राझील देशांतील कार्नोबा नांवाच्या ताडवृक्षाच्या पानांवरचें मेण, किंवा तत्सम कृत्रिम द्रव्य, लेपावर पसरतें. पाणी त्यावर न पसरतां मोत्यासारखें गोळा होतें व मळ कमी चिकटतो. मेण पातळ लावावें. कांहीं आठवड्यांनीं तें उतरतें, पुन्हां लावावें, त्यांत नुकसान नाहीं. पॉलिश म्हणजे बारीक घर्षक द्रव्य. तें ओरखडा भरीत नाहीं. त्याच्या कडेचा लेप खरवडून खड्डा सपाट करतें. त्या ४०-५० मायक्रॉनांतून दर वेळीं कांहीं ना कांहीं खर्च होतें. दुकानदार दर सहा महिन्यांनीं यंत्र फिरविण्याचा आग्रह करील; त्याचा तो धंदा आहे. आमच्या मतें, रेघा खरोखर असह्य होतील तेव्हांच, आणि जाणत्या माणसाकडूनच, हें काम करवावें.

राहिला प्रश्न पाण्याचा. २०१६ सालीं लातूरकरांस पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें पुरवावें लागलें, त्या प्रांतांत रोज मोटार धुण्याचा उपदेश कोणी करूं नये. आणि सुदैवानें काळ्या गाडीस तो मानवतहि नाहीं. शहरांत पहाटे गाड्या पुसणारा मनुष्य एक बादली व एक फडकें घेऊन वीस गाड्यांवरून जातो. एकीची वाळू दुसरीस लागते, आणि रेघांबद्दल बोल त्यालाच मिळतो. त्यानें काय करावें? वीस बादल्या पाणी त्यास कोणी दिलेलें नसतें. काळ्या गाडीच्या मालकानें त्यास वेगळीं फडकीं व दुसरी बादली आणून द्यावी, रोज फक्त कांचा पुसण्यास सांगावें, गाडी आठवड्यांतून एकदांच नीट धुवून घ्यावी, व महिन्याचे पैसे पूर्वींइतकेच द्यावे.