दोघांची बरोबरी, तिसऱ्याचा गुलाल

रात्री दोनच्या पुढं पाणी प्यायला उठलो, तर माजघरात टीव्ही चालू आणि आवाज बंद. धाकट्या भावाचा मुलगा उशी पोटाशी धरून जमिनीवर बसलेला. साल २०१६, तारीख २ मेची ३ झालेली. मला पहाटे भोरहून स्वारगेटची पहिली गाडी घेऊन निघायचं होतं. एसटीतल्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष, त्यामुळं झोपेची किंमत मला नव्यानं कळायला लागली होती. पोराला झापायला तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावर एका निळ्या शर्टवाल्यानं चेंडू जाळीच्या वरच्या कोपऱ्यात घातला आणि हा पठ्ठ्या तोंडावर हात दाबून नाचायला लागला.

"जिंकला का तुझा संघ?"

"नाही तात्या, दोन-दोन झालं. आता सात मिनिटं असंच राहिलं पाहिजे."

"यातला तुझा कुठला?"

"यातला कुठलाच नाही. मी लेस्टरचा."

"मग लेस्टर कुठंय?"

"ते खेळत नाहीयेत. घरी बसून हीच मॅच बघतायत."

मी भांडं तसंच हातात धरून खाली बसलो. चाळीस वर्षं यात्रेतल्या कुस्त्या बघतोय. दोघं लढतात, दोघांतलं कुणीच पडत नाही, आणि गुलाल उधळतो घरी बसलेला तिसरा, हे मी तरी कुठल्या फडावर पाहिलं नव्हतं.

पोरानं समजावलं ते माझ्यासारख्या कंडक्टरला चटकन कळण्यासारखं होतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. असे ३८ सामने, ऑगस्टपासून मेपर्यंत. अंतिम सामना वगैरे भानगड नाही. जिंकलं की ३ गुण, बरोबरी झाली की दोघांना एकेक, हरलं की भोपळा. वर्षाच्या शेवटी ज्याची बेरीज जास्त तो विजेता. म्हणजे आमचं वेबिलच की! एखाद्या फेरीला किती जमले याला अर्थ नाही, डेपोत आल्यावर खालची बेरीज काय निघते ते बघायचं.

त्या रात्रीची बेरीज अशी होती. लेस्टरचे ३६ सामन्यांत ७७ गुण. त्यांनी आदल्याच दिवशी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनाला, मँचेस्टर युनायटेडशी १-१ अशी बरोबरी करून ठेवलेली. मागं होता टॉटनहॅम, ३५ सामन्यांत ६९. उरलेले तिन्ही जिंकले तर ६९ आणि ९ मिळून ७८ होतात, म्हणजे धुगधुगी होती. पण त्या रात्री चेल्सीशी बरोबरी झाली, तर ७० होणार आणि पुढचे दोन्ही जिंकून ७६. ७७ ला ७६ पोचत नाही. विषय संपला.

आणि तसाच संपला. पूर्वार्धात टॉटनहॅम २-० नं पुढं होता. केन आणि सन यांचे गोल. उत्तरार्धात चेल्सीच्या केहिलनं एक फेडला आणि ८३ व्या मिनिटाला हजार्डनं तो दुसरा, ज्यावर आमचं पोरगं नाचलं. चेल्सी हा आदल्या वर्षीचा विजेता, पण त्या साली पार कोलमडून शेवटी दहाव्या नंबरला आला. त्यांना या सामन्यातून स्वतःसाठी काही मिळवायचं नव्हतं. पण चेल्सी आणि टॉटनहॅम दोघंही लंडनचे, बांधाला बांध लागलेले. आपलं पीक गेलं ते गेलं, शेजाऱ्याचं खळं भरता कामा नये, एवढ्या जिद्दीनं ते खेळले. हजार्डनं तर टॉटनहॅम जिंकायला नको हे आधीच जाहीर बोलून दाखवलं होतं. ही भाऊबंदकी आपल्याकडंच असते असं मला उगाच वाटायचं.

टॉटनहॅमची चिडचिडही समजण्यासारखी होती. लीग त्यांनी शेवटची जिंकली १९६१ साली. पोरानं आकडा सांगितला आणि मी म्हणालो, "म्हणजे पानशेत फुटलं त्या साली." आमच्या भोर-वेल्ह्याकडं जुनी माणसं वय असंच सांगतात, पानशेतच्या आधीचा का नंतरचा. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मी शिकलो, नोकरीला लागलो, निवृत्तीला आलो, आणि हे लोक अजून वाटच बघतायत! त्या रात्री त्यांच्या नऊ जणांना पिवळं कार्ड मिळालं. लीगमध्ये एका सामन्यात एका संघाला इतकी कार्डं त्याआधी कधी मिळाली नव्हती. त्यांच्या डेम्बेलेनं चेल्सीच्या कोस्टाच्या डोळ्यात बोट घातलं. म्हणीतलं नव्हे, खरोखरचं. त्याला पुढं सहा सामन्यांची बंदी झाली. आमच्या फडावर डोळ्याला हात गेला तर पंच आधी कानशिलात देतात आणि मग नियम सांगतात.

लेस्टर कोण, हेही सांगायला हवं. इंग्लंडच्या मधल्या भागातलं शहर. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातून हाकललेली पुष्कळ गुजराती कुटुंबं तिथं जाऊन राहिली. या शहराचा क्लब १८८४ चा, पण पहिल्या नंबरला कधीच आला नव्हता. आदल्या हंगामात नाताळाला ते तळाशी होते, शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून कसेबसे तगले. हंगामाच्या सुरुवातीला सट्टेवाले त्यांच्यावर एकाला पाच हजार देत होते. त्या रात्री त्यांचे खेळाडू जेमी वार्डीच्या घरी जमले होते. प्रशिक्षक रानिएरी तर त्या दिवशी इटलीत आपल्या ९६ वर्षांच्या आईबरोबर जेवायला गेलेले. यांचा गुलाल दुसऱ्यांनी उधळला, तोही बरोबरी करून.

पहाटे गाडीत तिकिटं फाडताना डोक्यात एकच घोळ. तीन आणि एक. जिंकणाऱ्याला ३ द्यायचे तर बरोबरीला दीड-दीड हवा. एकेकच का? अर्धा-अर्धा गुण जातो कुठं?

याचं कारण १९८१ मध्ये आहे. इंग्लंडची लीग १८८८ ची, बारा संघांनी सुरू केलेली. तेव्हापासून जिंकल्यावर २ आणि बरोबरीला १ असाच हिशेब होता. आपल्या यात्रेसारखा सरळ, इनाम अर्धं-अर्धं. पण झालं काय, परगावी खेळायला गेलेले संघ बरोबरीवरच समाधान मानायला लागले. बचाव करायचा, वेळ काढायचा, एक गुण खिशात घालून घरी यायचं. खेळ रटाळ झाला, प्रेक्षक घटायला लागले. तेव्हा जिमी हिल नावाच्या माजी खेळाडूनं हट्ट धरला की जिंकणाऱ्याला ३ द्या, बरोबरी होती तिथंच ठेवा. १९८१-८२ च्या हंगामापासून ते लागू झालं. विश्वचषकानं हाच हिशेब १९९४ मध्ये घेतला.

यातली मेख बघा. तुम्ही आणि मी दोनदा भिडलो. दोन्ही वेळा बरोबरी केली, तर दोघांना दोन-दोन गुण. त्याऐवजी एकदा तुम्ही जिंकलात आणि एकदा मी, तर तीन-तीन. म्हणजे प्रत्येक बरोबरीला एक गुण कुणालाच मिळत नाही, नीरा नदीत वाहून जातो. वाटून खाण्यावर बसवलेला दंड म्हणा हवं तर.

निवृत्तीनंतर वेळच वेळ होता, म्हणून त्या हंगामाचा पूर्ण तक्ता मी जुन्या नियमानं मांडून पाहिला. लेस्टर २३ विजय, १२ बरोबरी, म्हणजे ५८. तो कसाही पहिलाच. पण दुसऱ्या-तिसऱ्याचं गमतीशीर निघालं. आर्सेनल २० विजय, ११ बरोबरी. टॉटनहॅम १९ विजय, १३ बरोबरी. जुन्या हिशेबानं दोघांचे ५१-५१. नव्यानं आर्सेनल ७१, टॉटनहॅम ७०. टॉटनहॅम हरला आर्सेनलपेक्षा कमी वेळा, तरी तिसरा आला. तेरा बरोबऱ्यांनी त्याला खाल्लं.

तरी सगळ्या बरोबऱ्या सारख्या नसतात. चेल्सी आणि टॉटनहॅम यांचीच, त्या रात्रीच्याच मैदानावर २००४ च्या सप्टेंबरात ०-० अशी बरोबरी झाली होती. चेल्सीचे तेव्हाचे प्रशिक्षक मोरिन्यो चिडून म्हणाले की टॉटनहॅमनं बस आणली आणि गोलपुढं लावून ठेवली. पोरानं हे सांगितल्यावर मी सगळ्या डेपोला ऐकवलं. आपली गाडी घाटात आडवी झाली तर निलंबन, आणि तिकडं तिचा खेळातला डाव झाला!

बस लावणं आमच्या कुस्तीतही आहे, फक्त तिथं माणूसच आडवा होतो. पाठ मातीला लागली तर कुस्ती निकाली. पोटावर पडून राहिलं तर पाठ लागणार कशी? १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा झ्बिस्को यांची लढत झाली. हा धिप्पाड गडी अडीच तासांवर जमिनीला चिकटून राहिला. गामा वरून ओढतोय, उचलतोय, तो काही सुटत नाही. शेवटी बरोबरी. आठवड्यानं, १७ तारखेला, पुन्हा जोड ठरली तर झ्बिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला गेला. पुढं १९२८ मध्ये पतियाळात दोघं परत भिडले तेव्हा गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. अठरा वर्षं तुंबलेला निकाल.

आमच्या गावची यात्रा चैत्रात. कुस्त्यांचा फड भाताच्या खाचरात धरतात. भात निघाल्यावर खाचर दगडासारखं होतं, म्हणून आठ दिवस आधी पाणी सोडायचं, नांगरायचं, ढेकळं फोडायची, खडा न् खडा वेचायचा. वर लाल माती आणून पसरायची. खाचरं डोंगराच्या उताराला पायऱ्यांसारखी असतात, त्यामुळं वरचे बांध म्हणजे आपोआप गॅलरी. हलगी सुरू झाली की बायाबापड्यासुद्धा लांबच्या बांधावर येऊन बसतात. मी स्वतः पोरवयात दोन पावसाळे तालमीत काढले. पुढं नोकरी लागली आणि पैलवानकी वेबिलात गेली. पण पंचांत मला धरतात.

गेली काही वर्षं शेवटच्या मानाच्या कुस्तीचा वैताग आला होता. दोन नावाजलेले गडी यायचे, हाताला हात लावून पंचवीस-तीस मिनिटं फिरायचे, खडाखडी करायचे, मग पंचांनी दोघांचे हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवायची. इनाम पंधरा हजार, साडेसात-साडेसात घेऊन दोघं एकाच मोटारसायकलवर परत. बांधावरून लोक ओरडायचे, "वाटून खाल्ली!"

पुढच्या यात्रेआधी देवळात बैठक होती. तिथं मी १९८१ मांडलं. म्हटलं, निकाली झाली तर पंधरा. बरोबरी झाली तर पाच-पाच, आणि उरलेले पाच गावच्या तालमीला. तरणी पोरं खूश झाली. खजिनदारानं लगेच वहीत लिहायला घेतलं.

कोपऱ्यात वस्ताद बसले होते. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही कानांची भजी झालेली. ते म्हणाले, "कंडक्टर, तुमच्या त्या लीगीत सामने किती?"

"अडतीस."

"मग आज बुडालेला गुण उद्या काढता येतो. आमच्या गड्याला ही यात्रा वर्षातनं एकदा. खुराकाचा खर्च, येण्याजाण्याचं पेट्रोल. तिकडं अकरा जण, एक दमला तर दुसरा घालायचा. हिथं बदली कोण, मी उतरू?" सगळे हसले. ते हसले नाहीत. "आणि सगळ्या बरोबऱ्या लुटूपुटूच्या नसत्यात. दोन सारखे गडी अर्धा तास एकमेकाला पडू देत नाहीत, तेव्हा काय होतं ते अंगाला लागल्याबिगर कळत नाही. त्यातनं पैसं कापायचं?"

खरं सांगतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तीन गुणांचा हिशेब लांबच्या बेरजेसाठी आहे. एकाच फेरीचं वेबिल असेल तर बुडालेली रक्कम भरून काढायला पुढची फेरीच नाही. मी गप्प बसलो. खजिनदारानं लिहिलेलं खोडलं. मानाची कुस्ती होती तशीच राहिली, फक्त जोड लावताना जरा बघून लावायची असं ठरलं. माझं मन राखायला म्हणून अध्यक्ष म्हणाले, "तात्या, बारक्या पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या तुमच्याकडं. तिथं लावा इंग्रजांचा कायदा."

लावला. दुपारी तीनच्या उन्हात सात-आठ वर्षांची दोन पोरं लंगोट सावरत आली. झोंबली, घसरली, मातीत लोळली, पण पाठ कुणाचीच लागेना. मी दोघांचे हात वर केले. पुड्यात बारा रेवड्या होत्या. चार एकाला दिल्या, चार दुसऱ्याला.

पहिल्यानं माझ्या मुठीकडं बोट केलं. "अन् त्या चार?"

"त्या कुणाच्याच नाहीत. पाडलं असतंस तर साऱ्या बारा तुझ्या."

त्यानं रेवड्या परत माझ्या हातावर ठेवल्या आणि मांडीवर थाप मारली. "मग परत धरतो."

दुसऱ्यानं तोवर आपल्या चारही तोंडात कोंबल्या होत्या आणि तो बांध चढून आईकडं निघाला होता.