पायथनची जुनी फाइल जाता जात नाही
मार्च २०२५मध्ये पॅकेज बांधायच्या 'सेटअपटूल्स' या साधनाची ७८वी आवृत्ती आली आणि पायथनची पॅकेजेस धडाधड अडू लागली. कारण काय, तर एक आडवी रेघ. 'सेटअप डॉट सीएफजी' या जुन्या फाइलमध्ये 'डिस्क्रिप्शन-फाइल' असं लिहिलेलं यापुढे चालणार नाही, मध्ये अंडरस्कोअरच हवा, हा नियम अमलात आला होता. काही तासांतच तो पुढे ढकलावा लागला.

इशारा २०२१पासून दिला जात होता, हे खरं. पण तो दिसत कुणाला होता? पॅकेज बांधताना जे काही छापलं जातं ते पॅकेजेस बसवणारं 'पिप' एरवी दाखवतच नाही. पॅकेज लिहिणारा कधीच दुसऱ्या कामाला लागलेला. शिवाय 'पायपीआय' या पॅकेजेसच्या कोठारावर एकदा चढवलेली फाइल दुरुस्त करता येत नाही. बांधणीचं सेटअपटूल्स मात्र, आवृत्ती ठरवून दिली नसेल, तर ताजं उतरतं. दहा वर्षांपूर्वीचं पॅकेज आणि आजच सकाळी आलेलं साधन यांची गाठ पडते ती अशी.

तरीही जुनी पद्धत जायलाच हवी. त्या पद्धतीतली मूळची फाइल 'सेटअप डॉट पीवाय' म्हणजे चालणारा प्रोग्रामच. पॅकेजला काय लागतं हे कळायला आधी तो चालवायचा. आणि त्यात वरच 'इम्पोर्ट नमपाय', म्हणजे 'नमपाय हे दुसरं पॅकेज आण', असं असेल, तर नमपाय नसलेल्या संगणकावर तो तिथेच कोसळायचा, नमपाय लागतं हे सांगायच्या आधीच! अनोळखी माणसाचा कोड असा आपल्या संगणकावर चालतो, याचा गैरफायदाही घेतला गेला आहे.

२०१६च्या 'पेप ५१८' या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावाने त्यावर उपाय म्हणून 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल' ही फाइल आणली. ब्रेट कॅनन, नॅथॅनिएल स्मिथ आणि डोनाल्ड स्टफ्ट या तिच्या लेखकांनी फाइल कोणत्या स्वरूपात लिहायची याचे पर्याय नीट पारखले होते. जेसनमध्ये टिपा लिहिता येत नाहीत. यामलचे नियम छापले तर ८६ पानं भरतात. टॉमलची निवड योग्यच होती. पण टॉमल वाचायची सोय खुद्द पायथनमध्ये आली २०२२ साली, ३.११व्या आवृत्तीत. ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

मुदत वाढवताना '२०२६च्या आत फाइली बदला' असं सांगितलं गेलं. नुसत्या मुदतीने भागणार नाही. पॅकेज चढवतानाच पायपीआयने लेखकाला अडवून जुनी ओळ दाखवावी. आणि ज्यांचे लेखक आता नाहीत, त्या पॅकेजेससाठी जुनं सेटअपटूल्स आपोआप निवडलं जावं.