खंडाळा तालुक्यातील खडीच्या खाणी व जमिनीची पुनःस्थापना

खडी आणि मुरूम यांच्या उत्खननाने मोडलेली जमीन पुन्हा शेती, चराई, वृक्षलागवड किंवा जलसाठा यांपैकी एखाद्या उपयोगास आणण्याच्या कामास जमिनीची पुनःस्थापना असे म्हणतात. सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील खंडाळा तालुक्यात (लोणावळ्याजवळील खंडाळा हे निराळे) या विषयास विशेष महत्त्व आहे. पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्ग, खंबाटकी घाट, शिरवळ परिसरातील कारखानदारी आणि लोणंदवरून जाणारा पुणे–मिरज लोहमार्ग या सर्वांना दगड लागतो. तालुक्याचा पूर्वेकडील भाग मात्र पर्जन्यछायेचा असून तेथील माळांवर मातीचा थर पातळ आहे. दगड विपुल आणि माती दुर्मीळ, अशी ही स्थिती आहे.

== खडक आणि खाण ==

हा प्रदेश दख्खनच्या पठाराचा भाग असून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. घट्ट काळ्या पाषाणाचे आणि सच्छिद्र, लवकर झिजणाऱ्या खडकाचे थर येथे एकावर एक आढळतात. झिजलेल्या खडकाचा मुरूम होतो. तो रस्त्याच्या भरावास आणि घराच्या जोत्यास वापरतात. घट्ट थर सुरुंगाने फोडून डबर काढतात व खडीयंत्रात दळून खडी आणि कृत्रिम वाळू तयार करतात.

युरोपात खडी बहुधा नद्यांनी व हिमनद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांच्या थरांतून मिळते. तेथील खड्डे भूजलाने आपोआप भरतात. इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड भागात अशा खड्ड्यांची शंभराहून अधिक तळी झाली आहेत. बेसाल्टच्या खाणीत असा भरवसा नसतो. तळाचा खडक अखंड असेल तर पावसाचे पाणी टिकते, भेगाळ असेल तर दिवाळीपर्यंत खड्डा कोरडा पडतो. म्हणून परदेशी नमुने येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

== मातीचा हिशेब ==

खाण संपल्यावर खड्डा बुजवावा, असे सहज सुचविले जाते. प्रत्यक्षातील आकडे पाहिले तर ते किती अवघड आहे हे कळते. एक हेक्टर क्षेत्र सरळ भिंती ठेवून ६ मीटर खोल खणले तर ६०,००० घनमीटर, म्हणजे सुमारे २१,२०० ब्रास माल निघतो (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घनमीटर). कोळशाच्या खाणीत वरचा खडक टाकाऊ म्हणून शिल्लक राहतो आणि तोच परत भरता येतो. दगडाच्या खाणीत मुरुमापासून चुरीपर्यंत जवळजवळ सर्व काही विकले जाते; भरावासाठी काहीच उरत नाही.

त्याच एक हेक्टरवरील ३० सेंटिमीटर जाडीची माती मात्र ३,००० घनमीटर, म्हणजे साधारण १,०६० ब्रास भरते. एकूण खोदाईच्या ती अवघी वीसावा हिस्सा आहे. ही माती बाजूस काढून ठेवली असेल तर खाणीच्या पायऱ्यांवर व तळावर पसरून तेथे गवत व झाडे रुजविता येतात. ती मुरुमाबरोबर गाडीत भरून गेली, तर पुढे कितीही खर्च केला तरी उघड्या कातळावर काही उगवत नाही. पुनःस्थापना शक्य होणार की नाही, हे वस्तुतः खाणीच्या पहिल्या आठवड्यातच ठरते.

काढलेल्या मातीचे ढीग फार उंच रचू नयेत. दोन मीटरच्या आत ठेवावेत. खोल ढिगात हवा पोहोचत नाही आणि मातीतील सूक्ष्मजीव मरतात. पावसाळ्यापूर्वी ढिगावर गवताचे बी टाकल्यास माती ओढ्यात वाहून जात नाही.

== उत्खननाचा आराखडा ==

खाणपट्ट्याच्या एका टोकापासून पट्ट्यापट्ट्याने खोदकाम केल्यास संपलेला भाग पुढचे काम चालू असतानाच सुधारता येतो. जेथे दगड चांगला लागेल तेथे खड्डा, ही प्रचलित रीत सर्वच क्षेत्र एकाच वेळी निकामी करते. वरच्या अंगाला पाणी अडविणारा चर खणणे हेही आराखड्यातच यावे.

मेटॅलिफेरस माईन्स रेग्युलेशन्स, १९६१ नुसार मुरूम, माती यांसारख्या ठिसूळ जमिनीत खाणीची बाजू ४५ अंशांहून अधिक उभी ठेवता येत नाही, अन्यथा १.५ मीटरपर्यंत उंचीच्या पायऱ्या कराव्या लागतात आणि पायरीची रुंदी उंचीहून कमी चालत नाही. हा नियम कामगारांच्या सुरक्षेसाठी असला तरी पुनःस्थापनेचा पायाही त्यातच आहे. पायऱ्यांवर माती ठरते, उभ्या कड्यावर ठरत नाही. सोडून दिलेल्या उभ्या खाणीत पाणी साचले म्हणजे पोहायला उतरलेल्या मुलाला वर येण्यास वाट राहत नाही. गुरांचीही तीच गत होते. किमान एक बाजू उताराची ठेवणे व काठावर कुंपण घालणे यांना म्हणूनच सुशोभीकरणाचा भाग समजता कामा नये.

== पुढील उपयोग ==

तळ अखंड असेल तर जलसाठा हा या तालुक्यास सर्वांत उपयुक्त पर्याय ठरतो. वर उल्लेखिलेल्या आकाराच्या खड्ड्यात ६ कोटी लिटर पाणी मावते. त्यातून बाष्पीभवनाने वर्षाकाठी सुमारे दीड ते दोन मीटरचा थर उडून जातो, हेही हिशेबात धरावे लागते. पुण्यातील वेताळ टेकडीवर जुन्या दगडखाणीत असे तळे झालेले आहे. तळ भेगाळ असेल तर पाझर तलाव म्हणून त्याचा लाभ खालच्या विहिरींना होतो.

लागवडीसाठी प्रथम गवत आणि गिरिपुष्प, नंतर करंज, कडुनिंब, बाभूळ, सीताफळ असा क्रम हितकर असतो. अपुऱ्या मातीची उणीव गाळाने अंशतः भरून काढता येते. राज्य शासनाच्या २०१७ मधील ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत जलाशयातील गाळ शेतात नेऊन टाकण्याची तरतूद आहे.

== कायदा ==

खडी व मुरूम ही गौण खनिजे होत. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाच्या कलम १५ नुसार त्यांचे नियम राज्ये करतात. महाराष्ट्राचे सध्याचे नियम २०१३ चे आहेत. विनापरवाना उत्खननावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वये दंड होतो. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली. तोपर्यंत मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून मंजुरी टाळता येत असे.

खाण नवीन न उघडताही मुरूम मिळू शकतो. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामासाठी लागणारी माती व मुरूम तलाव, नाले खोल करून काढण्यात आले. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ही पद्धत ओळखली जाते. भरावाच्या मुरुमापुरता हा मार्ग खंडाळ्यासही उपलब्ध आहे. खडीसाठी लागणारा घट्ट पाषाण मात्र त्यातून मिळत नाही.