मुकादम : गावच्या पाटलापासून ऊसतोडीच्या फडापर्यंत

'मुकादम' मूळचा अरबी. 'मुकद्दम' म्हणजे पुढे ठेवलेला, अग्रभागी असलेला. पाऊल या अर्थाचा 'कदम' त्याच धातूतला. इतिहासकार इब्न खल्दूनच्या 'मुकद्दिमा' या ग्रंथाचं नावही त्याच धातूतलं. तिथे अर्थ प्रस्तावना, म्हणजे ग्रंथात पुढे येणारी!

फारसीच्या वाटेने शब्द दख्खनी सुलतानांच्या दफ्तरात आला आणि मराठीत रुळला. जुन्या कागदांत 'मोकदम' दिसला की समजायचं, हा गावचा पाटील. वतनदार, सारावसुलीला जबाबदार, गावातर्फे सरकारपुढे उभा राहणारा. मोठ्या मानाचं पद. कोकणात ते आडनाव होऊन टिकलं आहे.

पुढे अर्थ सरकला आणि मजुरांच्या टोळीवर देखरेख करणारा तो मुकादम झाला. महापालिकेच्या सफाई खात्यात तो आहेच. पण आज या शब्दाचं खरं वजन कळतं ते बीडकडच्या ऊसतोड मजुरांना. मुकादम साखर कारखान्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम आणतो, ती मजुरांना वाटतो, टोळी जमवतो. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामातही त्याच मुकादमाकडे कोयता चालवावा लागतो.