यकृतातील अर्बुद आणि किरणांचा नेम

उजव्या बरगड्यांच्या आड यकृत वसलेले आहे. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम भरते. या अवयवात कर्करोगाचे अर्बुद, म्हणजे गाठ, उद्भवली असता ती शस्त्रक्रियेने काढून टाकता येते. परंतु पुष्कळ रुग्णांचे यकृत आधीच जर्जर झालेले असल्यामुळे तो मार्ग त्यांना बंद असतो. अशा वेळी किरणोपचाराचा विचार करावा लागतो.

किरण अर्बुदाला मारतात, तसेच ते निरोगी यकृतालाही इजा करतात. शोषित किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. रोज थोडी थोडी याप्रमाणे संपूर्ण यकृताला एकंदर ३० ग्रेच्या वर मात्रा दिली, तर ते निकामी होण्याची भीती वाढत जाते. अर्बुदाच्या नाशाला मात्र बहुधा याहून अधिक मात्रा लागते. म्हणून किरण नेमके अर्बुदावरच एकवटले पाहिजेत.

त्यासाठी अर्बुद आधी दिसावयास हवे. राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेल्या क्ष-किरणांच्या साध्या चित्रात यकृत आणि अर्बुद यांची छाया जवळजवळ सारखीच पडते. हौन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडन येथे प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूची छेदचित्रे घेतली. त्या पद्धतीला आज आपण सीटी स्कॅन म्हणतो. यकृताची अशी चित्रे घेताना शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य टोचतात. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रतिहारी शिरेतून मिळते. यकृतातच उपजलेले कर्करोगी अर्बुद मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसते. त्यामुळे ते द्रव्य धमनीतून येताच अर्बुद उजळते, आणि थोड्या वेळाने यकृत उजळले की तेच काळसर दिसते.

दुसरी अडचण श्वासाची. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकते आणि यकृतही त्याबरोबर अनेकदा एक-दोन सेंटिमीटर उतरते. समजा, अर्बुदाचा व्यास ४ सेंटिमीटर आहे. त्याचे घनफळ सुमारे ३३ घन सेंटिमीटर होईल. नेम चुकू नये म्हणून सभोवती १ सेंटिमीटर जागा अधिक धरली, तर ते ११३ होते, म्हणजे तिपटीहून अधिक! अर्धाच सेंटिमीटर धरला, तर ते ६५ वर थांबते. अनिश्चिततेची किंमत अशी निरोगी यकृताला मोजावी लागते.

म्हणून श्वासाच्या निरनिराळ्या अवस्थांतील चित्रे घेतात. रुग्णाला श्वास रोखावयास शिकवितात, अथवा पोटावर पट्टा आवळून हालचाल कमी करतात. काही वेळा अर्बुदाजवळ सोन्याचे बारीक कण खुणेसाठी बसवितात. प्रत्येक उपचारापूर्वी रुग्ण मेजावर असतानाच पुन्हा चित्र घेऊन मेज काही मिलिमीटर सरकवितात, आणि मगच किरण सोडतात.

मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा संगणकाने घडविलेले छेदचित्र जगात कोठेही नव्हते. आज तेथे यकृताच्या अर्बुदांवर चित्रांच्या मार्गदर्शनाने किरणोपचार केले जातात. किरणांचे सामर्थ्य वैद्यांना तेव्हाही ठाऊक होते. त्यांचा नेम धरणारी दृष्टी मात्र नंतर लाभली, आणि तिच्यामुळेच रुग्णाचे उरलेले निरोगी यकृत वाचविता येते.