प्लगच्या वायरी केव्हा बदलाव्यात?



पहिला पाऊस पडला की राहाता परिसरातील बऱ्याच जुन्या गाड्या रुसतात. गाडी धक्के मारते, पिकअप घेत नाही, चढाला दम सोडते. आणि हल्ली त्याचा दोष एकालाच मिळतो : "तुमच्या इथेनॉलनं घात केला!" २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते आणि त्यातले काही आपल्याच उसाचे आहे. म्हणून ही तक्रार आम्ही नीट ऐकून घेतो. पण पुष्कळ वेळा दोष टाकीत नसतो, बॉनेटखालच्या वायरीत असतो.

वायरीचे काम

घरातील वीज २३० व्होल्टची. कॉईलमधून प्लगकडे जाणारा दाब मात्र वीस हजार व्होल्टच्या आसपास असतो. एवढा दाब सांभाळायचा तर वायरीचे आवरण अभंग पाहिजे. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होते, त्याला चिरा पडतात. चिरेत ओल शिरली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता मध्येच लोखंडात उतरते. शिवाय शेडमध्ये गाडी महिनाभर उभी राहिली की उंदीर वायरी कुरतडतात, हे आपणांस सांगायला नको.

दोष पेट्रोलचा की वायरीचा?

पेट्रोलमध्ये पाणी आले तर सगळे सिलिंडर सारखेच कमजोर पडतात. एकच सिलिंडर चुकत असेल तर आधी प्लग व वायर पाहावी. कोरड्या दिवशी गाडी ठीक आणि ओलीत मिस, तर संशय वायरीवरच. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून लांबून पाहा. निळसर ठिणग्या दिसल्या तर वायर गळते आहे. हात मात्र लावू नका.

इथेनॉलचा दोष मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे घटते. फार जुन्या गाडीच्या रबरी नळ्याही त्याने खराब होऊ शकतात, त्या तपासून घ्याव्यात. पण हा परिणाम रोजचा असतो, पावसापुरता नसतो.

केव्हा बदलाव्यात?

साधारणपणे ५० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. चीर, जळका डाग, सैल टोपण किंवा दाताच्या खुणा दिसल्या तर किलोमीटर मोजत बसू नये. विहिरीच्या मोटारीचे काम करणाऱ्या वायरमनकडे मीटर असतो. त्यावर प्रत्येक वायर मोजून घ्यावी. लांब वायरीचा आकडा जास्त येणारच. पण लांबीच्या मानाने एखादी फारच वेगळी निघाली तर पूर्ण संच बदलावा.

बदलताना

इंजिन थंड असू द्यावे. वायर ओढू नये, टोपण धरून काढावे. एकेक वायर काढून तिच्या जागी नवी बसवावी. सगळ्या एकदम काढल्या तर क्रम चुकतो आणि गाडी चालूच होत नाही. साध्या तांब्याच्या तारेचे जुगाड करू नये. इंजिन धुताना पाण्याचा फवारा वायरींवर मारू नये.

ट्रॅक्टर डिझेलचा, त्याला प्लग नाही. नव्या मोटारींत बहुधा प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते, तेथेही या वायरी नाहीत. मारुती ८००, ओम्नी अशा गाड्या मात्र अजून पुष्कळ घरी आहेत, आणि रात्री-अपरात्री बाळंतीण किंवा आजारी माणूस त्यांतूनच न्यावे लागते. प्लग चुकला की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधून वाया जाते, ते वेगळेच.

तरी सर्व सभासदांनी पावसाळ्यापूर्वी एकदा बॉनेट उघडून वायरी पाहाव्यात. टाकी रिकामी करण्याआधी ही पाच मिनिटे द्यावीत, ही आमची विनंती.