भिंतीमागचे पाणी

दर जुलैत वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते : भिंत कोसळली. २०१९च्या पावसाळ्यात पुण्यात कोंढव्याला आणि मुंबईत मालाडला, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, भिंती कोसळून त्यांच्या आडोशाला राहणारी माणसे गेली. अशा बातमीत कारण म्हणून ‘मुसळधार पाऊस’ लिहिलेले असते. स्थापत्य अभियंता म्हणून मला ते कारण नेहमीच अपुरे वाटत आले आहे. आपल्याकडे पाऊस येणार हे बांधणाऱ्याला ठाऊकच असते. त्याचे पाणी भिंतीमागून बाहेर कसे पडणार, हे मात्र बरेचदा कोणी विचारलेले नसते.

संरक्षक भिंत माती अडवते असे आपण म्हणतो. पण कोरडी, वाळूसारखी माती फारशी ढकलत नाही. तिचे कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे तिचा आडवा रेटा उभ्या भाराच्या साधारण एक तृतीयांशच भरतो. पाणी जितके खाली दाबते तितकेच बाजूलाही. भिंतीमागची माती पाण्याने पुरती भरली की एकूण रेटा दुपटीच्या वर जातो. त्यात भिंतीची उंची दुप्पट केली की रेटा चौपट. डोंगरउतारावरच्या शेतात सुक्या दगडांची ताल घालणाऱ्याला हे गणित कागदावर मांडावे लागले नाही. दगडांमधल्या फटी त्याने चुन्याने बुजवल्या नाहीत, एवढेच.

हेच गणित प्रचंड आकारात पाहायचे तर विमानतळावर जावे. धावपट्टीला दोन-तीन किलोमीटर जवळजवळ सपाट जमीन लागते आणि तिच्या टोकांना, कडांना सुरक्षेसाठी आणखी सपाट पट्टे लागतात. शहर सभोवती वाढलेले असते, उरलेली जमीन उताराची. मग भराव घालायचा. पण भरावाची कड नुसती उतरती सोडली तर ती फार पसरते : भराव ४५ मीटर उंच असेल आणि उतार एकास दोन असेल, तर पायथा ९० मीटर पुढे जातो. त्या ९० मीटरांत कोणाचे घर असते, कुठे ओढा असतो.

अमेरिकेत सिएटल-टकोमा विमानतळावर असा ओढा होता. तिथल्या जुन्या दोन धावपट्ट्यांमध्ये जेमतेम ८०० फुटांचे अंतर. सिएटलच्या ढगाळ, पावसाळी हवेत दृश्यमानता घटली की दोन्हींवर एकाच वेळी विमाने उतरवता येत नसत. म्हणून पश्चिमेला तिसरी धावपट्टी ठरली. तिकडे जमीन खोल उतरत जाते आणि पायथ्याशी मिलर नावाचा ओढा वाहतो. छोटासाच, पण त्यात कोहो जातीचे सामन मासे येतात. तिरका उतार सोडला असता तर ओढ्याचा आणखी मोठा भाग गाडला गेला असता. म्हणून तिथे उभी भिंत आली. चार टप्प्यांची, जास्तीत जास्त ४६ मीटर, म्हणजे साधारण पंधरा मजली इमारतीएवढी. पर्यावरणाच्या नावाने ज्या भिंतीला विरोध झाला, तिचा उभेपणा ओढा वाचवण्यासाठीच होता, ही या कथेतली गंमत.

एवढी उंच भिंत नुसत्या काँक्रीटच्या वजनावर उभी करायची तर तिची जाडी आणि खर्च अवाच्या सवा वाढतो. इथे उपयोगी पडली ती फ्रेंच अभियंता आंरी विदाल यांनी १९६०च्या दशकात पुढे आणलेली पद्धत. मातीचा थर, त्यावर पोलादाच्या पट्ट्या, पुन्हा थर, दाबाई, पुन्हा पट्ट्या. माती आणि पट्टी यांच्यातल्या घर्षणामुळे सगळा ढीग स्वतःच एक जाड भिंत बनतो; दर्शनी काँक्रीटच्या पाट्या फक्त कड धरून ठेवतात. मातीच्या भिंतीत काड घालून तुडवणाऱ्या आपल्या गवंड्याला यात नवल वाटू नये. आपल्या शहरांतल्या कित्येक उड्डाणपुलांच्या चढावर, दोन्ही बाजूंना एकमेकींत अडकवलेल्या पाट्या दिसतात, तेही याच घराण्यातले काम.

या पद्धतीची एक अडचण अशी, की जे काम करते ते दिसत नाही. पट्ट्या गंजणार हे गृहीत धरून त्या जास्तीच्या जाडीच्या घालतात, आणि पाण्याचा निचरा होईल अशी, बारीक चिकणमाती कमी असलेली माती निवडतात. सिएटलला भूकंपाचेही भय. २८ फेब्रुवारी २००१च्या ६.८ तीव्रतेच्या धक्क्याने याच विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याच्या काचा फुटल्या होत्या. भिंतीच्या पायाखालची कमकुवत जमीन सुधारल्याशिवाय वर काही रचणे शक्यच नव्हते.

खरा वाद पेटला तो भरावावरून. सुमारे सव्वा कोटी घनमीटर माती बाहेरून आणायची होती. ती कुठली? टकोमातल्या तांबे वितळवण्याच्या जुन्या कारखान्याच्या धुराड्याने अनेक दशके आर्सेनिक आसपासच्या जमिनीवर आणि बेटांवर पसरवले होते. तशी माती भरावात आली तर झिरपणाऱ्या पाण्याबरोबर विष ओढ्यात उतरणार, अशी शेजारच्या गावांची भीती होती. मी तिला अडाणी भीती म्हणणार नाही. जिथून पाण्याचा निचरा उत्तम होतो तिथून पाण्यात विरघळलेले सगळेच बाहेर पडते. अभियंत्याचा गुण तोच ओढ्याचा धोका. गावांनी एकत्र येऊन दाद मागितली. २००२मध्ये राज्याच्या प्रदूषणविषयक अपील मंडळाने परवानगी कायम ठेवली, पण जादा अटी घातल्या. २००४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या काही राखल्या, काही काढल्या. धावपट्टी अखेर नोव्हेंबर २००८मध्ये सुरू झाली. इतकी वर्षे ‘वाया गेली’ म्हणणारे आहेत. विरोध झाला नसता तर भरावाच्या मातीची इतकी कसून झडती झाली असती का, याविषयी मला शंका आहे.

बुजवलेल्या पाणथळ जमिनीचे काय झाले, तेही विलक्षण आहे. भरपाई म्हणून नवी पाणथळ तयार करायची, पण पाणथळीला पक्षी येतात आणि पक्षी विमानाला धडकतात. म्हणून भरपाईचा मोठा हिस्सा कित्येक मैल दूर ऑबर्न गावाजवळ, दुसऱ्याच नदीच्या खोऱ्यात गेला. हिशेब जुळला, पण मिलर ओढ्याला त्यातून काय मिळाले?

सिएटलची भिंत उभी आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनचा भराव मात्र राहिला नाही. डोंगरमाथे कापून केलेल्या तिथल्या विमानतळाच्या एका टोकाला, प्लास्टिकच्या जाळ्यांचे थर घालून सुमारे २४० फूट उंच, एकास एक उताराचा भराव २००७च्या सुमारास पुरा झाला. त्यावर विमान रुतून थांबावे म्हणून ठिसूळ ठोकळ्यांचा पट्टा अंथरला होता. जानेवारी २०१०मध्ये उड्डाण रद्द करून पुढे घसरलेले विमान त्या पट्ट्याने थांबवले. आतली ३४ माणसे वाचली. १२ मार्च २०१५ रोजी तोच भराव खाली आला. एक चर्च आणि एक घर गेले, खालचा ओढा तुंबून पाणी वर चढले. भेगा आधीपासून दिसत होत्या, लोकांना वेळेत हलवले होते, म्हणून कोणी दगावले नाही. आमच्या धंद्यात हा भराव मी फार महत्त्वाचा मानतो : वरच्यांना वाचवणारी आणि खालच्यांच्या डोक्यावर येणारी वस्तू एकच होती.

आपल्याकडे मंगळूर (२०१०) आणि कोळिकोड (२०२०) या दोन्ही अपघातांत विमान धावपट्टी संपून टेकडीखाली गेले. टोकाचा सपाट पट्टा वाढवायची मागणी त्यानंतर जोर धरणे स्वाभाविक होते. कोळिकोडला उतारावर भराव घालून तो वाढवण्याचे काम हाती घेतले आहे. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नवी मुंबईत प्रश्नाचे रूप वेगळे : टेकडी कापली, खाजणात भराव घातला आणि उलवे नदीचे पात्र वळवले.

अशा भरावाचे नकाशे समोर आले की मी धावपट्टीची लांबी नंतर पाहतो. निचऱ्याच्या नळ्यांची तोंडे कुठे उघडतात, त्यांच्या खाली कोण राहते, आणि दहा वर्षांनी त्या नळ्या साफ करण्याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकला आहे, ते आधी शोधतो. नळ्या नकाशात असतात. ते खाते बहुधा सापडत नाही.